लिटरभर डिझेलात वीज किती?

जुन्नर आणि आंबेगाव हे शेजारशेजारचे तालुके. पश्चिमेला सह्याद्रीचे डोंगर आहेत. पूर्वेला सपाटीची बागायत आहे. मधून कुकडी, मीना आणि घोड या नद्या वाहतात. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे अशी धरणे झाली आणि पाणी फिरले. नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा, सातगाव पठारावरचा बटाटा दूरच्या बाजारात जाऊ लागला.

विजेचे खांबही गावोगाव आले. पण वीज म्हणजे पाहुणी. कधी येते, कधी जाते. वळवाचा पाऊस झाला की तार तुटते. आहुपे, भीमाशंकरच्या बाजूला तर पावसाळ्यात धुके, वारा आणि झाडांची पडझड असते. तिथे दुरुस्तीला माणूस पोचायलाही वेळ लागतो. मग काय करायचे? कोणी जनरेटर लावतो. कोणाच्या लग्नाच्या मांडवात तो लागतो, कोणाच्या चक्कीला, कोणाच्या गोठ्याला. यात्रेत तमाशाचा फड आला की त्याच्याबरोबर जनरेटरची गाडी आलीच.

जनरेटर सुरू झाला, दिवे लागले, आपण खूश झालो. पण डिझेलचा डबा किती लवकर रिकामा होतो! मग घरधनी म्हणतो, "हे इंजिन लई डिझेल खातंय. विकून टाकू."

जरा थांबा. इंजिनाला दोष देण्याआधी एक प्रश्न विचारू. ते किती डिझेल खाते, हा अर्धाच प्रश्न झाला. खाल्लेल्या डिझेलात ते काम किती करते? हा खरा प्रश्न. या पाठात आम्ही त्याचेच उत्तर देणार आहोत.

बैल, नाडा आणि मोट

जनरेटर म्हणजे एक यंत्र नव्हे, दोन यंत्रांची जोडी आहे. एक इंजिन, दुसरा डायनामो. इंजिन डिझेल जाळून चाक फिरवते. ते चाक डायनामोला फिरवते. डायनामो फिरला की वीज तयार होते.

जुन्या लोकांना मोट आठवत असेल. बैल ओढायचा, नाड्याला मोट बांधलेली असायची, मोटेतून पाणी वर यायचे. इथे इंजिन म्हणजे बैल. पट्टा म्हणजे नाडा. डायनामो म्हणजे मोट. वीज म्हणजे पाणी. बैल अशक्त असेल, नाडा सैल असेल किंवा मोट फाटकी असेल, तर पाणी कमीच येणार. तसेच इथे. तिन्ही गोष्टी नीट असल्या पाहिजेत.

आणखी एक गोष्ट मोटेवरून कळते. रिकामी मोट ओढणाऱ्या बैलालाही वैरण लागतेच. हे ध्यानात ठेवा. पुढे याचा उपयोग होणार आहे.

हे इंजिन आले कोठून?

जर्मनी देशात रूडॉल्फ डिझेल नावाचा एक इंजिनिअर होता. त्या काळी कारखाने वाफेच्या इंजिनावर चालत. त्यांत कोळसा फार जाई आणि काम थोडे होई. डिझेल यांच्या मनात आले, जळणातली शक्ती इतकी वाया का जावी? त्यांनी कित्येक वर्षे खटपट केली. सन १८९७ मध्ये त्यांचे इंजिन नीट चालले. जळणातल्या शक्तीचा चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग त्या इंजिनाने कामाला लावला. त्या काळी ही मोठी गोष्ट होती. त्यांच्याच नावावरून इंजिनाला आणि तेलाला डिझेल हे नाव पडले.

म्हणजे हे इंजिन जन्मले तेच मुळी जळण वाचवण्यासाठी.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सन १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला कारखाना उभारला. पुढे सन १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. गुजरातेत राजकोटलाही डिझेल इंजिनाचे पुष्कळ कारखाने झाले. अशी इंजिने खेडोपाडी गेली. विहिरीवरची मोट सुटली आणि इंजिनाचा ठोका ऐकू येऊ लागला. आज विहिरीवर बहुतेक ठिकाणी विजेची मोटर आहे. पण वीज नसली की पुन्हा इंजिनाचीच आठवण होते.

डिझेल जळते कसे?

सायकलच्या चाकात पंपाने हवा भरून पाहा. पंपाचे खालचे टोक गरम लागते. हवा दाबली की ती तापते. डिझेल इंजिनात हीच युक्ती आहे.

इंजिनाच्या पोटात एक नळा असतो. त्यात पिस्टन म्हणजे दट्ट्या वर-खाली होतो. तो चार कामे पाळीपाळीने करतो. पहिले, हवा आत ओढतो. दुसरे, ती हवा जोराने दाबतो. हवा इतकी तापते, की तिच्यात डिझेल पडताच पेट घेते. नोझल नावाची बारीक तोटी त्या वेळी डिझेलचा फवारा सोडते. तिसरे, डिझेल भडकते आणि दट्ट्याला खाली ढकलते. हेच खरे काम. चौथे, दट्ट्या वर येऊन धूर बाहेर फेकतो. मग पुन्हा पहिल्यापासून.

यावरून तीन गोष्टी कळतात. हवा स्वच्छ आणि भरपूर हवी. हवेचा दाब पुरा हवा. डिझेलचा फवारा बारीक हवा. यांतले एक जरी बिघडले, तरी डिझेल अर्धवट जळते. अर्धवट जळलेले डिझेल म्हणजे काळा धूर. तुमच्या इंजिनातून काळा धूर निघतो, म्हणजे तुमचा पैसाच धुराड्यातून आकाशात चालला आहे.

रुपयात चार आणे

एक लिटर डिझेलमध्ये जी उष्णता असते, ती विजेच्या मापात मोजली तर सुमारे १० युनिट भरते. पण लहान जनरेटरमधून, सगळे ठाकठीक असले तरी, एका लिटरला सुमारे अडीच युनिट वीज मिळते. म्हणजे रुपयातले चार आणे हाती लागतात.

उरलेले बारा आणे कोठे जातात? काही गरम धुराबरोबर जातात. काही इंजिन थंड करणाऱ्या पाण्यात जातात. काही इंजिनाच्या, पट्ट्याच्या आणि डायनामोच्या घर्षणात व उष्णतेत जातात. ते सगळे वाचवता येत नाहीत. तो निसर्गाचा नियम आहे. कोणी सांगितले, "माझी ही पुडी डिझेलात टाका, वीज दुप्पट होईल," तर त्याला हात जोडावे आणि वाटेला लावावे.

पण पुष्कळ घरी चार आणेही हाती लागत नाहीत. दोन आणे लागतात, कधी अर्धा आणाच लागतो. ते मात्र आपल्या हातात आहे.

आधी मोजा

डॉक्टर आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. इंजिनाचेही तसेच आहे. आधी मोजा.

मोजायचे कसे? फार सोपे आहे. इंजिन बंद करा, थोडे निवू द्या. टाकी गळ्यापर्यंत, एका खुणेपर्यंत भरा. जवळ विडी, काडी, दिवा नको. मग इंजिन सुरू करा आणि नेहमीचे काम द्या. घड्याळ लावून एक तास चालवा. बंद करून निवू द्या. आता मापाच्या भांड्याने पुन्हा त्याच खुणेपर्यंत डिझेल भरा. जितके डिझेल पडले, तितके एका तासात जळले.

वीज किती झाली, हे मीटर सांगतो. डायनामोच्या पुढे वायरमनकडून एक छोटा मीटर बसवून घ्या. तासाआधीचा आकडा आणि तासानंतरचा आकडा लिहा. दुसऱ्यातून पहिला वजा करा. मीटर नसेल, तर दुसरी रीत आहे. १००० वॅटचे काम एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज झाली.

आता विजेच्या युनिटांना डिझेलच्या लिटरांनी भागा. जो आकडा येईल, तो तुमच्या जनरेटरचा खरा गुण. दोनच्या वर आला, तर लहान जनरेटर ठीक चालला आहे. एकच्या खाली आला, तर कोठेतरी पाणी मुरते आहे.

हा आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवा. महिन्याने पुन्हा मोजा. आकडा उतरला, की समजा काहीतरी बिघडले. तुम्ही आता लिहायला, वाचायला शिकलात. त्या विद्येचा हा रोकडा उपयोग आहे.

रिकामी मोट ओढू नका

आता सर्वांत मोठी गोष्ट सांगतो. बाकी सगळे विसरलात तरी चालेल, ही विसरू नका.

इंजिन नुसते फिरत ठेवायलाही डिझेल लागते. एकही दिवा लावला नाही, तरी ते पुऱ्या कामाच्या वेळी लागणाऱ्या डिझेलच्या पाव ते एक तृतीयांश डिझेल खाते. रिकामी मोट ओढणारा बैल तो हाच!

एक हिशेब करू. एका घरी ५ हॉर्सपॉवरचे इंजिन आणि त्यावर ३ के.व्ही.ए.चा डायनामो आहे. डिझेलचा भाव लिटरला ९० रुपये धरू.

पहिली रीत अशी. संध्याकाळी वीज गेली. जनरेटर लावला. घरात दहा लहान दिवे, सगळे मिळून १०० वॅट. जनरेटर चार तास चालला. इंजिनाने तासाला सुमारे ०.४ लिटर डिझेल खाल्ले. म्हणजे चार तासांत १.६ लिटर. त्याचे १४४ रुपये झाले. वीज किती मिळाली? फक्त ०.४ युनिट. म्हणजे एक युनिट ३६० रुपयांना पडले!

दुसरी रीत अशी. त्याच घरी जनरेटर दोनच तास चालवला. पण त्या वेळात एक हॉर्सपॉवरच्या मोटरने टाकीत पाणी चढवले. घरच्या चक्कीवर दळण दळले. बॅटरी भरून घेतली. दिवेही होते. असे सगळे मिळून २२०० वॅटचे काम झाले. इंजिनाने तासाला सुमारे ०.९ लिटर खाल्ले. दोन तासांचे १.८ लिटर, म्हणजे १६२ रुपये. वीज मिळाली ४.४ युनिट. एक युनिट पडले सुमारे ३७ रुपयांना.

इंजिन तेच. डिझेल तेच. पण पहिल्या रीतीत वीज जवळजवळ दहापट महाग पडली. हे आकडे साधारण आहेत. तुमच्या इंजिनाचे थोडे पुढे-मागे येतील. पण फरक असाच दिसेल.

यावरून धडा काय घ्यायचा? कामे साठवा आणि एकदम करा. दळण, पाणी, कडबाकुट्टी, बॅटरी भरणे, ही कामे एकाच वेळेला बांधा. ती झाली की इंजिन बंद करा. बैल दावणीला बांधला तरी त्याला वैरण लागते. इंजिन बंद केले की त्याला काहीच लागत नाही. रात्रीचे दोन-चार दिवे बॅटरीवर चालवा. बॅटरी जनरेटरवर भरा, नाहीतर सूर्याच्या उन्हावर भरा. छपरावरचा सौरपत्रा डिझेल मागत नाही.

"मग मोठं इंजिन घेतलेलं बरं, अडीअडचणीला येईल," असे कोणी म्हणेल. तसे करू नका. मोठे इंजिन थोड्या कामाला लावणे म्हणजे पाटीभर शेण टाकायला बैलगाडी जुंपणे. आपल्या कामाच्या मानाने इंजिन घ्या. पुऱ्या शक्तीच्या तीन चतुर्थांश काम दिले, की इंजिन सुखाने चालते आणि डिझेल वसूल करते.

उलट, ताकदीबाहेर ओझेही घालू नका. जुन्नर गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. भीमाशंकरचा माथा त्याहून उंच आहे. उंचावर हवा विरळ असते. हवा विरळ म्हणजे इंजिनाची शक्ती थोडी कमी. काठोकाठ ओझे घातले तर ते काळा धूर ओकते. शिवाय मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट वीज ओढते. म्हणून सगळ्या मोटरी एकदम लावू नका. आधी मोठी मोटर लावा. तिने वेग घेतला की दुसरी लावा. दिवे शेवटी लावा.

धूर काय सांगतो?

इंजिनाला तोंड नाही, पण धूर बोलतो. त्याचे बोलणे ऐकायला शिका.

धूर जवळजवळ दिसतच नाही, तेव्हा इंजिन बरे आहे.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी हवेचा फिल्टर पाहा. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ फार. चक्कीजवळ पीठ उडते, कडब्याचा भुसा उडतो. फिल्टर भरला की इंजिनाचा श्वास कोंडतो. तो वरचेवर साफ करा. फिल्टर काढून इंजिन चालवू नका. धूळ आत गेली की ती कानशीसारखी पिस्टनच्या रिंगा झिजवते. फिल्टर साफ असूनही काळा धूर येत असेल, तर नोझल मिस्त्रीला दाखवा. फवाऱ्याऐवजी थेंब पडत असतील, तर डिझेल नीट जळत नाही.

निळा धूर म्हणजे इंजिनातले वंगण जळते आहे. रिंगा झिजल्या असतील. हवा दाबताना खाली निसटते, दाब पुरा होत नाही. हे काम मिस्त्रीचे.

पांढरा धूर सकाळी सुरू करताना थोडा वेळ आला, तर चिंता नको. इंजिन थंड असते. पण तो सारखाच येत राहिला, तर डिझेलात पाणी असेल किंवा डिझेल न जळताच बाहेर पडत असेल.

इंजिनाला थंडी वाजते

पुष्कळांना वाटते, इंजिन जितके थंड तितके चांगले. म्हणून विहिरीचे थंड पाणी इंजिनातून धो धो सोडतात. इंजिन तापता कामा नये हे खरे. पण ते गारठताही कामा नये. गार इंजिनात डिझेल नीट जळत नाही. वंगण घट्ट राहते आणि घर्षण वाढते.

इंजिनातून बाहेर येणारे पाणी चांगले गरम असावे. पाण्याच्या बाहेरच्या नळीला हात क्षणभर लावता यावा, पण धरून ठेवता येऊ नये, इतके ते गरम हवे. पाणी गारच येत असेल, तर तोटी थोडी बंद करा. फार तापत असेल, वाफ येत असेल, तर तोटी उघडा. हवेने थंड होणारे इंजिन असेल, तर त्याच्या पंखाळ्यांत साचलेली धूळ आणि तेल पुसून काढा.

पट्टा, वेग आणि गळती

इंजिन पट्ट्याने डायनामो फिरवत असेल, तर पट्ट्याकडे लक्ष द्या. पट्टा सैल असला की घसरतो. घसरला की तापतो. तेवढे डिझेल वाया जाते. फार ताणला तर बेअरिंग झिजतात. इंजिन बंद असताना पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबून पाहा. दोन पुलींमध्ये हातभर-दीड हात अंतर असेल, तर पट्टा सुमारे अर्धा इंच दबावा. दोन्ही पुली एका रेषेत आहेत का, तेही दोरी धरून पाहा.

कोणी सांगतात, "इंजिन हळू चालवा, डिझेल वाचेल." पाण्याच्या पंपाला हे थोडे चालेल. जनरेटरला अजिबात चालत नाही. आपल्याकडे वीज सेकंदाला १०० वेळा दिशा पालटते. चार ध्रुवांचा डायनामो मिनिटाला १५०० फेरे घेतो, तेव्हाच ती वीज बरोबर तयार होते. वेग कमी केला तर मोटर आणि यंत्रे तापून जळतात. वाचले दहा रुपयांचे डिझेल आणि जळली हजारांची मोटर! इंजिनावर गव्हर्नर नावाचा भाग असतो. तो वेग सांभाळतो. त्याला तार, दोरी बांधू नका.

डिझेल कोठे गळते का, ते रोज पाहा. सांध्याखाली एक वाटी ठेवा. तासाने वाटीत किती जमले ते पाहा. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण चांगल्यासाठी आहे. इथे थेंबे थेंबे तळे आटते. सांध्याचे वायसर दोन रुपयांत बदलते, गळणारे डिझेल वर्षभर पैसे खाते.

डिझेल स्वच्छ भरा. डबा एक रात्र हलवता न हलवता तसाच ठेवा. पाणी जड, डिझेल हलके. पाणी आणि गाळ तळाशी बसतो. वरचे डिझेल बारीक कापडातून गाळून टाकीत घाला. स्वस्त म्हणून रॉकेल मिसळू नका. डिझेलमध्ये थोडा वंगणाचा गुण असतो. त्यावर इंजिनाचा पंप आणि नोझल टिकतात. रॉकेलमध्ये तो गुण कमी. आज वाचलेले पैसे उद्या दुरुस्तीत जातात.

वंगण किती तासांनी बदलायचे, ते कारखान्याच्या पुस्तकात दिलेले असते. पुस्तक ट्रंकेत ठेवू नका, वाचा. इंजिन किती तास चालले, हे वहीत लिहीत गेलात, म्हणजे वंगण बदलायची वेळ चुकणार नाही.

पैशापेक्षा जीव मोठा

इथवर पैशाची गोष्ट झाली. आता जिवाची गोष्ट.

पावसाळ्यात जनरेटर भिजू नये म्हणून काही लोक तो पडवीत किंवा घरात घेतात. दार-खिडकी लावून घेतात. हे प्राणघातक आहे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो नाकातोंडातून रक्तात जातो आणि रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, झोप येते. झोपलेला माणूस पुन्हा उठत नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या लहान जनरेटरमध्ये हा वायू डिझेलच्या इंजिनाहून पुष्कळच जास्त असतो. जनरेटर घराबाहेर, दार-खिडकीपासून लांब, वरून पत्रा आणि चारी बाजू मोकळ्या अशा जागी ठेवा. धुराडे वाऱ्याच्या दिशेने, घराच्या उलट बाजूला काढा. धुराची नळी आखूड आणि सरळ ठेवा. वाकणे फार असली तर धूर अडतो आणि इंजिनाचे डिझेलही वाढते.

असे कोणाला झाले, तर त्याला लगेच मोकळ्या हवेत आणा. इंजिन बंद करा. वेळ न घालवता दवाखान्यात न्या.

दुसरी गोष्ट. पट्ट्याला आणि पुलीला जाळीचे झाकण असलेच पाहिजे. लुगड्याचा पदर, धोतराचा सोगा, गळ्यातला रुमाल पट्ट्यात गेला की माणूस ओढला जातो. मुलांना जवळ येऊ देऊ नका.

तिसरी गोष्ट. जनरेटरची वीज आपल्या घरापुरती ठेवा. ती खांबावरच्या तारेत उलटी गेली, तर तार दुरुस्त करणाऱ्या वायरमनला झटका बसतो. तोही कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी धनी आहे. वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. त्याने एका वेळी एकच वीज घरात येते, खांबावरची किंवा जनरेटरची.

हिशेबी घर

आपला देश खनिज तेलाच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभा नाही. लागणाऱ्या तेलापैकी पाचातले चार भागांहून जास्त तेल परदेशातून विकत आणावे लागते. म्हणजे जुन्नरच्या गोठ्यात जळणारे डिझेलही समुद्रापलीकडून आलेले असते. ते वाया जाणे म्हणजे घरचा पैसा जाणे आणि देशाचाही जाणे.

नवे इंजिन घ्यायचे झाले, तर त्याची पाटी वाचा. त्यावर हॉर्सपॉवर किंवा किलोवॅट, मिनिटाचे फेरे आणि जळण किती लागते, हे लिहिलेले असते. आय.एस.आय. खूण पाहा. जळणाचा आकडा जितका लहान, तितके इंजिन काटकसरी. दुकानदार काय बोलतो ते ऐका, पण पाटी काय सांगते त्यावर भरवसा ठेवा.

आता जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

लिटरला किती युनिट, हे महिन्याला मोजा आणि लिहा.
कामे साठवा, एकदम करा, मग इंजिन बंद करा.
दोन दिव्यांसाठी जनरेटर लावू नका.
हवेचा फिल्टर साफ, डिझेल स्वच्छ, पट्टा ताठ ठेवा.
धुराचा रंग रोज पाहा.
इंजिन घरात कधीही चालवू नका.

यांतले एकही काम फार खर्चाचे नाही. वही, पेन्सिल, मापाचे भांडे आणि थोडी नजर एवढेच भांडवल लागते. उद्या वीज गेली आणि जनरेटर लावायची वेळ आली, तर आधी घरात विचारा, "आणखी कोणतं काम उरकून घेता येईल?" चार कामे एकत्र झाली, म्हणजे डिझेलचा पैसा वसूल झाला.